काढून टाकलेलं सॉफ्टवेअर पुन्हा पुन्हा परत येतंय. सल्ला हवा आहे

पारिजातक
नमस्कार. घरचा संगणक आहे, विंडोज ११. आई, बाबा, मी आणि माझा आठवीतला मुलगा, सगळे एकाच खात्यातून वापरतो. दोन आठवड्यांपूर्वी एका व्हिडिओचा फॉरमॅट बदलायचा होता. घाईत होते, शोधल्यावर जी साइट सगळ्यात वर आली तिथून कन्व्हर्टर उतरवला आणि नेक्स्ट, नेक्स्ट करत गेले. त्याच्याबरोबर आणखी तीन सॉफ्टवेअर येऊन बसली. एक संगणक वेगवान करतो म्हणणारं, एक कूपनं दाखवणारं आणि तिसरं काय करतं तेच कळत नाही.

तेव्हापासून क्रोम उघडलं की भलतंच सर्चचं पान येतं. ते वेगवान करणारं सॉफ्टवेअर सुरू होताच लाल अक्षरांत "१३४७ चुका सापडल्या" म्हणतं आणि दुरुस्तीचे पैसे मागतं. शिवाय उजव्या कोपऱ्यात सारखी "तुमच्या संगणकात ५ व्हायरस आहेत" अशी पाटी येते, खाली फोन नंबर. परवा आई घरात एकटी होती, घाबरून तो नंबर लावायला निघाली होती. मी नेमकी तेव्हा आले म्हणून थांबली.

तिन्ही अनइन्स्टॉल केली. दुसऱ्या दिवशी दोन परत हजर. आता काय करू? याच संगणकावरून बँकेचे व्यवहार होतात, त्यामुळे जीव टांगणीला लागलाय.

भटक्या७
एखादं चांगलं क्लीनर टाका, रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही) साफ करा. नाही जमलं तर सरळ फॉरमॅट मारा.

कळफलक
पारिजातक, आधी तीन गोष्टी सांगा, कारण पुढचा सगळा सल्ला त्यावर अवलंबून आहे. त्या नंबरवर घरातल्या कुणी, कधीही, फोन केला होता का? कुणाच्या सांगण्यावरून एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअरसारखं, लांबून संगणक चालवू देणारं काही टाकलंय का? आणि त्या "चुका" दुरुस्त करायला कार्डाने पैसे भरलेत का?

यातल्या एकाचंही उत्तर हो असेल तर साफसफाई नंतर. आधी इंटरनेट तोडा, दुसऱ्या उपकरणावरून बँकेला कळवा आणि पासवर्ड बदला. आईंना एवढं नक्की सांगा: मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. नंबर दिसला की ती पाटी खोटी.

पारिजातक
तिन्हींचं उत्तर नाही. बाबांनाही विचारून खात्री केली. आईला तुमचं वाक्य वाचून दाखवलं, तिला खूप हायसं वाटलं.

कळफलक
छान. मग घाबरण्याचं कारण फार नाही, पण काम नेटाने करावं लागेल. आणि क्रम महत्त्वाचा आहे.

भटक्या७ यांचा हेतू चांगला आहे, पण क्लीनर टाकण्याच्या मी ठाम विरोधात आहे. एका अनोळखी सॉफ्टवेअरने त्रास दिला म्हणून दुसरं आणायचं, हे नको. रजिस्ट्री साफ करणाऱ्या सॉफ्टवेअरना खुद्द मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा नाही. चुकीची नोंद उडाली तर विंडोज सुरूच न होण्यापर्यंत वेळ येऊ शकते. सीक्लीनर तर नावाजलेलं क्लीनर. तरी २०१७ मध्ये त्याच्या ५.३३ या आवृत्तीत हल्लेखोरांनी घातक कोड घुसवला होता आणि ती अधिकृत मार्गानेच सुमारे २२.७ लाख संगणकांवर पोचली. तुमच्याकडचं ते १३४७ चुकांचं प्रकरण तर धाक दाखवून पैसे काढायचा जुना धंदा आहे. त्या आकड्याला काडीचाही अर्थ नाही.

तर आधी स्टार्टमध्ये "क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट" शोधून एक रिस्टोअर पॉइंट करून ठेवा, म्हणजे काही बिघडलं तर विंडोजची आताची स्थिती परत आणता येईल. फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर घ्या.

मग सेटिंग्ज, अ‍ॅप्स, इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स. तिथे यादी नावाने नको, "डेट इन्स्टॉल्ड"ने लावा. तुम्ही कन्व्हर्टर टाकला त्या दिवशीच्या सगळ्या नोंदी एकाखाली एक दिसतील. तुम्हाला तीन माहीत आहेत, कदाचित चार-पाच निघतील. कन्व्हर्टरही काढा, मूळ तेच आहे. मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल नावाच्या बऱ्याच नोंदी दिसतील, त्यांना मात्र हात लावू नका. दुसरी सॉफ्टवेअर त्यांच्यावर चालतात.

काढताना खिडकीत काय लिहिलंय ते शब्द न् शब्द वाचा. यांची शेवटची खिडकी मुद्दाम फसवी असते: मोठं हिरवं बटण "संरक्षण चालू ठेवा" असं, आणि खरं काढायचं बटण खाली फिकट राखाडी, जणू ते दाबताच येत नाही. घाईत हिरवं दाबलं गेलं की वाटतं काढलं, आणि ते तिथेच असतं. प्रोग्राम फाइल्समधला फोल्डर थेट डिलीट करू नका. तसं केलं की फोल्डर जातो, पण त्याने पेरलेल्या नोंदी मागे राहतात आणि अनइन्स्टॉलरच नाहीसा झाल्याने नंतर काढणं अवघड होऊन बसतं.

अनइन्स्टॉल होतच नसेल तर ते चालू असतं म्हणून. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, त्या नावावर उजवी क्लिक, आधी "ओपन फाइल लोकेशन" करून ते कुठे बसलंय ते लिहून घ्या, मगच "एंड टास्क". तो पत्ता पुढे कामाला येईल.

एवढं झालं की मालवेअरबाइट्सचं अ‍ॅडवक्लीनर चालवा. फुकट आहे, इन्स्टॉल करावं लागत नाही, आणि नेमकं याच जातीचं सॉफ्टवेअर शोधतं. त्यांच्या अधिकृत साइटवरूनच घ्या. शेवटी विंडोज सिक्युरिटीतला ऑफलाइन स्कॅन. संगणक बंद होऊन परत चालू होईल, साधारण १५ मिनिटं लागतात. विंडोज पूर्ण सुरू व्हायच्या आधीच तपासणी होत असल्याने लपून बसलेलं सापडायची शक्यता जास्त.

शब्दवेल
कोपऱ्यातल्या पाटीबद्दल. माझ्या सासूबाईंच्या संगणकावर हुबेहूब हेच होतं, आणि महिनाभर आम्ही व्हायरस शोधत होतो. तो व्हायरस नव्हताच! कुठल्याशा साइटने "तुम्ही रोबो नाही हे दाखवायला अलाव दाबा" असं सांगितलं होतं आणि त्यांनी दाबलं होतं. ती क्रोमची नोटिफिकेशनची परवानगी होती. अँटिव्हायरस हे सहसा पकडत नाही, कारण परवानगी आपणच दिलेली असते.

क्रोमची सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स. तिथली परवानगी दिलेल्या साइटांची यादी बघा. ओळखीची नसेल ती काढा. मी तर वरचा पर्यायच "कुठल्याही साइटने विचारूच नये" असा करून ठेवलाय.

पारिजातक
शब्दवेल, तुमचे मनापासून आभार! तिथे अकरा साइट निघाल्या, एकही ओळखीची नाही. काढल्यावर दुपारपासून एकही पाटी आलेली नाही. आईने तीनदा येऊन बघितलं.

कळफलक, तारखेने यादी लावल्यावर त्या दिवशीची पाच निघाली. ते राखाडी बटण तर जसंच्या तसं होतं. पहिल्या वेळी मी नक्कीच हिरवं दाबलं असणार. अ‍ॅडवक्लीनरने आणखी काही नोंदी पकडल्या, ऑफलाइन स्कॅनमध्ये काही नाही.

पण संध्याकाळी संगणक परत चालू केला तर कूपनवालं हजर. क्रोममध्ये एक्स्टेंशन (ब्राउझरला जोडलेलं छोटं सॉफ्टवेअर) म्हणून. काढलं, तासाभराने परत. आणि क्रोमच्या मेनूत खाली "मॅनेज्ड बाय युअर ऑर्गनायझेशन" असं लिहून येतंय. घरच्या संगणकाला कसली आलीय ऑर्गनायझेशन?

कळफलक
हे सांगितलंत ते फार बरं झालं. परत येणाऱ्या सॉफ्टवेअरचं कुठेतरी एक बी राहिलेलं असतं. तुमच्याकडे ते तीन ठिकाणी असू शकतं.

एक, पॉलिसी. ऑफिसातल्या संगणकांवर व्यवस्थापकाला ब्राउझरचे नियम लादता यावेत म्हणून क्रोममध्ये ही सोय आहे. हे लोक तीच वापरून आपलं एक्स्टेंशन सक्तीचं करतात. पत्त्याच्या पट्टीत क्रोम, मग अपूर्णविराम, दोन तिरक्या रेघा आणि पॉलिसी, हे रोमन अक्षरांत टाइप करा. जे पान उघडेल त्यात "एक्स्टेंशन इन्स्टॉल फोर्सलिस्ट" अशी ओळ असेल तर चोर सापडला. काही अँटिव्हायरसही प्रामाणिकपणे पॉलिसी वापरतात, म्हणून नुसती ती ओळ बघून घाबरू नका, आत काय लिहिलंय ते इथे टाका.

दोन, सिंक. क्रोममध्ये गुगल खात्याने साइन इन असाल तर एक्स्टेंशन खात्यातही जातं. इथून काढा, दुसऱ्या लॅपटॉपवर असेल तर तिथूनही काढा, नाहीतर ते परत खाली उतरतं. साफसफाई संपेपर्यंत सिंक बंद ठेवा.

तीन, टास्क शेड्युलर, म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारी विंडोजची सोय. तासाभराने परत, हे तुमचं वाक्य वाचून मला सगळ्यात जास्त संशय याचाच आहे. स्टार्टमध्ये शोधा, डावीकडे "टास्क शेड्युलर लायब्ररी"वर क्लिक करा आणि मधल्या यादीतल्या एकेका नोंदीचा "अ‍ॅक्शन्स" टॅब उघडून कुठली फाइल चालवली जाते ते बघा. नावावर जाऊ नका, नावं मुद्दाम अपडेटसारखी साळसूद ठेवतात. टास्क मॅनेजरमधून पत्ता लिहून घेतलाय ना? तोच पत्ता शोधा.

पारिजातक
सापडलं!

पॉलिसीच्या पानावर फोर्सलिस्टमध्ये एकच ओळ, एक्स्टेंशनचा तो लांबलचक अक्षरांचा ओळखक्रमांक. आणि टास्क शेड्युलरमध्ये "सिस्टिम अपडेट सर्व्हिस" नावाची नोंद. ट्रिगर: लॉग ऑन झाल्यावर, आणि त्यानंतर दर एक तासाने, कायम. अ‍ॅक्शन्समध्ये पत्ता अ‍ॅपडेटाच्या (खात्यातला, सॉफ्टवेअरच्या माहितीचा लपवलेला फोल्डर) आतल्या एका फोल्डरचा, फोल्डरचं नाव म्हणजे नुसती अर्थहीन अक्षरं. मी लिहून ठेवलेल्या पत्त्याशी तंतोतंत जुळलं. अक्षरशः अंगावर काटा आला. आता कुठल्या क्रमाने काढू?

कळफलक
आधी टास्क "डिसेबल" करा, लगेच डिलीट नको. मग तो फोल्डर. आपण आधी फोल्डर डिलीट करू नका म्हणालो ते अनइन्स्टॉलर असलेल्या सॉफ्टवेअरबद्दल. याला अनइन्स्टॉलरच नाही, म्हणून इथे चालेल. फाइल वापरात आहे म्हणून अडलं तर सेफ मोडमध्ये (तिथे विंडोज फक्त गरजेपुरतं चालू होतं) जा: शिफ्ट दाबून ठेवून रीस्टार्ट, ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, मग ४. पॉलिसीची ती ओळ काढायला अ‍ॅडवक्लीनर पुन्हा चालवा, त्यात पॉलिसी रीसेट करायचा पर्याय आहे. रजिस्ट्रीत हाताने शिरण्यापेक्षा तो मार्ग बरा. त्यानंतर एक्स्टेंशन काढा आणि क्रोम रीसेट करा. बुकमार्क आणि पासवर्ड त्यात जात नाहीत.

आणखी एक. डेस्कटॉपवरच्या क्रोमच्या आयकॉनवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, "टार्गेट"ची ओळ शेवटपर्यंत बघा. ती क्रोमच्या फाइलच्या नावावर संपायला हवी. पुढे एखाद्या साइटचा पत्ता चिकटवलेला असेल तर तो शॉर्टकट फेकून नवा करा.

उंबरठा
मध्येच बोलतो. एवढी मेहनत करण्यापेक्षा रीसेट बरं नाही का? सिस्टिम, रिकव्हरी, "रीसेट धिस पीसी", "कीप माय फाइल्स". तासा-दोन तासांचं काम.

कळफलक
तुमचं म्हणणं पटतं, आणि एखाद्याने लांबून संगणकात शिरकाव केला असता तर मीच तेच सांगितलं असतं, तेही "रिमूव्ह एव्हरीथिंग" करून. पण रीसेटमध्ये फाइल्स राहिल्या तरी टाकलेली सगळी सॉफ्टवेअर जातात, बाबांची हिशेबाची, मुलाची शाळेची. आणि सिंकमध्ये एक्स्टेंशन असेल तर रीसेटनंतर साइन इन करताच ते परत. बी कुठे आहे ते कळलं नाही तर रीसेटही वाया जातं. आता कळलंय, म्हणून गरज नाही.

पारिजातक
चार दिवस थांबून लिहितेय, मुद्दामच. सेफ मोडमध्ये जावं लागलं, बाकी सगळं तुम्ही सांगितलं तसंच झालं. शॉर्टकटमध्येही पत्ता चिकटवलेला होता! म्हणजे मी क्रोम कितीही साफ केलं असतं तरी आयकॉनवर क्लिक केलं की ते पान येतच राहिलं असतं. "मॅनेज्ड"ची ओळ गेली. रोज टास्क शेड्युलर उघडून बघते, नवीन काही नाही.

मुलासाठी वेगळं स्टँडर्ड खातं (व्यवस्थापकाचे अधिकार नसलेलं) केलंय. आईसाठीही. दोन प्रश्न राहिले: ते पासवर्डचं काय करू? आणि व्हिडिओचं काम अजून तसंच पडलंय, कन्व्हर्टर कुठला घेऊ?

कळफलक
पासवर्ड बदलाच, बँक आणि ईमेल आधी. ईमेल हातातून गेला तर बाकी सगळ्यांचे पासवर्ड त्यावरून बदलता येतात. दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा.

विंडोज सिक्युरिटीत "अ‍ॅप अँड ब्राउझर कंट्रोल"मध्ये रेप्युटेशन-बेस्ड प्रोटेक्शन आहे, त्यात "पोटेन्शियली अनवाँटेड अ‍ॅप ब्लॉकिंग" चालू आहे का बघा. स्टँडर्ड खातं उत्तम, पण अ‍ॅपडेटात बसणाऱ्यांना व्यवस्थापकाची परवानगी लागत नाही, म्हणून ही दुसरी कडी हवीच.

शब्दवेल
कन्व्हर्टरसाठी हँडब्रेक. मुक्त स्रोत आहे, फुकट आहे, जाहिराती नाहीत. फक्त त्यांच्या स्वतःच्या साइटवरून घ्या आणि शोधाच्या निकालात "जाहिरात" लिहिलेल्या दुव्यावर क्लिक करू नका. इतरांच्या डाउनलोड साइटही टाळा. २०१५ मध्ये सोर्सफोर्जसारख्या जुन्या, विश्वासाच्या साइटवर गिम्प या चित्रांच्या सॉफ्टवेअरच्या इन्स्टॉलरबरोबर जाहिरातींचं सॉफ्टवेअर जोडलेलं सापडलं होतं. पुढे मालक बदलल्यावर त्यांनी तो प्रकार बंद केला.

पारिजातक
हँडब्रेक घेतलं. प्रत्येक खिडकी वाचत वाचत टाकलं, मुलाला शेजारी बसवून. व्हिडिओ झाला.