मदत हवी आहे : डायलिसिसवरच्या आईचा पीटीएच ९८०, कॅल्शियम कमी, तरी कॅल्शियमची गोळी बंद का?

नमस्कार मंडळी. आई ६१ वर्षांची, शुगरमुळे किडन्या गेल्या, आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू आहे. ताजे रिपोर्ट: पीटीएच (पॅराथायरॉइड ग्रंथींचं हार्मोन) ९८०, फॉस्फरस ६.९, कॅल्शियम ८.२, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रोटीन) ३.१. खाज इतकी की रात्री झोपेत पोटऱ्या खाजवून रक्त काढते, सकाळी चादरीवर डाग असतात. जिना चढताना मांड्यांत जोरच येत नाही म्हणते, बघवत नाही हो.

मला समजलंय ते असं, चुकत असेल तर सांगा. किडनी फॉस्फरस बाहेर टाकेनाशी झाली की तो रक्तात साठतो, आणि व्हिटॅमिन डी कामाचं करायचं शेवटचं काम पण किडनीचंच, ते अडलं की आतड्यातून कॅल्शियम नीट शोषलं जात नाही. मग गळ्यात थायरॉइडच्या मागे ज्या चार बारक्या पॅराथायरॉइड ग्रंथी असतात त्या पीटीएच सोडत सुटतात आणि तो हाडांतून कॅल्शियम ओढून काढतो, सोबत फॉस्फरस पण येतो, तो टाकायला किडनी नाहीच, म्हणजे पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

आता मावशी रोज फोन करते, कॅल्शियम कमी आहे ना मग दूध द्या, नाचणी द्या, गोळी द्या. इकडे डॉक्टरांनी कॅल्शियमची गोळी बंद केली कारण एक्स-रेत रक्तवाहिन्यांच्या भिंतीत कॅल्शियम बसलेलं दिसतंय. फॉस्फरससाठी सेव्हेलॅमर चालू आहे, आता पीटीएच उतरवायला सिनाकॅल्सेट सुरू करू म्हणतात. पण त्याने कॅल्शियम अजून खाली जातं ना? मग ८.२ वर ते द्यायचं कसं? आणि पीटीएच नॉर्मल, म्हणजे ६५ च्या आत आणायचा असतो का? ओपीडीत एवढी गर्दी असते की धड विचारता येत नाही. प्लीज कुणीतरी सांगा.

प्रतिसाद :
ताई, माझे बाबा बरीच वर्षं डायलिसिसवर आहेत म्हणून लिहितोय, शेवटचा शब्द तुमच्या नेफ्रॉलॉजिस्टचाच. आधी अल्ब्युमिन बघा, रक्तातलं बरंचसं कॅल्शियम त्याला चिकटलेलं असतं. ते ४ च्या खाली असलं की दर १ ग्रॅममागे कॅल्शियममध्ये ०.८ मिळवतात, म्हणजे आईंचं साधारण ८.९ धरलं जाईल, ते एवढं कमी नाहीये. आयोनाइज्ड (म्हणजे न चिकटलेलं, मोकळं) कॅल्शियम तपासलं तर नक्की कळेल. सिनाकॅल्सेटने कॅल्शियम उतरतं हे खरं, म्हणून सुरू केल्यावर आठवड्याभरात परत तपासतात. मळमळ होते, बाबांना रात्रीच्या जेवणासोबत दिली की बरं पडतं.

पीटीएच ६५ वर आणायचा नसतो. डायलिसिसच्या पेशंटला नॉर्मलच्या वरच्या आकड्याच्या २ ते ९ पट चालतो, फार दाबला तर हाडांची झीज-भर पार मंदावते. एका आकड्यापेक्षा तो चढतोय की उतरतोय ते बघा.

खरं लक्ष फॉस्फरसवर द्या. सेव्हेलॅमर घासाबरोबरच हवी, ती पोटातल्या अन्नातला फॉस्फरस धरते, उपाशीपोटी घेऊन उपयोग नाही. आणि नाचणीपेक्षा पाकिटातल्या वस्तूंना घाबरा, डाळी-धान्यातला फॉस्फरस अर्धामुर्धाच शोषला जातो, पाकिटात वरून घातलेला जवळजवळ सगळा. पाकिटावर ३३८ ते ३४१ किंवा ४५० ते ४५२ नंबर (हे फॉस्फेट घातल्याचे कोड) दिसला की ठेवून द्या, कोलात ३३८ असतो. दूध मात्र मोजूनच. डायलिसिस अर्धा तास आधी सोडवून घेत असतील तर ते पण थांबवा, फॉस्फरस पेशींतून हळूहळू बाहेर येतो, त्याला वेळ लागतो.

धागाकर्ती :
खूप खूप आभार दादा, अल्ब्युमिनचं कुणी बोललंच नव्हतं. चीज स्लाइसचं पाकीट आत्ताच बघितलं, ३३९ आणि ४५२ दोन्ही आहेत. अजून एक, संध्याकाळी आई चहासोबत दोनच टोस्ट खाते, तेव्हा पण सेव्हेलॅमर द्यायची का फक्त दोन जेवणांना?