पोका-योकेला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यासाठी मराठी फलक लिहितेय. 'पोका-योके'ला (कामातल्या चुका टाळण्याची जपानी युक्ती) एका जुन्या हस्तलिखित यादीत 'मूर्खरोधक' म्हटलंय. वापरू का?

उत्तर : कृपया नको. हाच शब्द जपानीत आधी होता आणि मुद्दाम टाकून दिला गेला. ही कल्पना मांडणारे जपानी अभियंते शिगेओ शिंगो सुरुवातीला 'बाका-योके' म्हणत. बाका म्हणजे मूर्ख. १९६३ साली अराकावा बॉडी कंपनीत ते नाव ऐकून एका कामगार बाईंना रडू कोसळलं. तेव्हा शिंगोंनी 'पोका' घेतलं : अनवधानाने झालेली चूक. योके म्हणजे टाळणं.

त्यांचं १९६१चं यामादा इलेक्ट्रिकमधलं उदाहरण बघा. स्विचला दोन बटणं, प्रत्येकाखाली एक स्प्रिंग. एखादी बसवायची राहून जायची. तक्रार आली की कामगारांना तंबी, चार दिवस बरे, पुन्हा तेच. शिंगोंनी पद्धत बदलली : आधी दोन स्प्रिंगा बशीत काढायच्या, मग जोडणी. बशीत एक उरली, तर चूक तिथल्या तिथे कळते. तंबी द्यायचं कारणच उरलं नाही. अशा शोधाला 'मूर्ख' शब्द चिकटवणं मला खरंच अन्यायाचं वाटतं.

दुसरं उत्तर : 'चूकरोधक' कसा वाटतो? आमच्या टूलरूममध्ये फिक्स्चरला, म्हणजे जॉब (घडवायचा भाग) धरून ठेवणाऱ्या साच्याला, एका बाजूला पिन मारतात. जॉब उलटा धरला तर बसतच नाही. सिमकार्डाचा कापलेला कोपरा तोच.

पहिले उत्तरकर्ते : पिनेला चपखल. पण बशी चूक रोखत नाही, दाखवते. भोंगा किंवा लाल दिवाही तसाच. शिंगोंनी हे दोन प्रकार वेगळे मानलेत : एक काम थांबवतो, दुसरा इशारा देतो. माणसाच्या हातून चूक होणारच, तिचा सदोष माल होऊ द्यायचा नाही, एवढंच म्हणणं. म्हणून 'चूकनिवारक' थोडा सैल, तरी दोन्हींना पुरतो.

प्रश्नकर्ती : पटलं. वर मोठ्या अक्षरांत 'पोका-योके', खाली 'चूकनिवारक सोय' असं लिहिते. लिंग कोणतं?

दुसरं उत्तर : आमच्या लाइनवर नपुंसकलिंगी. 'ते पोकायोके बायपास करू नका' असंच सुपरवायझर ओरडतात. फलकावर ही ओळही घ्या. रिजेक्शन (नाकारलेला माल) वाढलं की बहुतेकदा कुणीतरी घाईत पिन काढून ठेवलेली असते.