लघवीच्या नळीमुळे होणारा जंतुसंसर्ग : कर्मचाऱ्यांना नेमके कसे शिकवावे?

प्रश्न : इन्चार्ज परिचारिका, परभणी जिल्हा

आमच्या खासगी रुग्णालयातील मेडिसिन वॉर्डची जबाबदारी माझ्याकडे आहे. मार्चपासून लघवीची नळी असलेल्या 4 रुग्णांना, नळी घातल्यानंतरच्या तिसऱ्या ते सहाव्या दिवसादरम्यान, थंडी वाजून ताप आला आणि लघवीत जंतू आढळले. निर्जंतुक पद्धतीने नळी कशी घालावी यावर आम्ही दोन व्याख्याने ठेवली आणि सिस्टरांनी ती मन लावून ऐकली. तरीही पंधरा दिवसांत युरोबॅग (नळीला जोडलेल्या, लघवी साठवणाऱ्या पिशव्या) पुन्हा फरशीवर टेकलेल्या दिसू लागल्या. ज्यांनी असे प्रशिक्षण प्रत्यक्ष घेतले आहे, त्यांनी सुरुवात कोठून करावी हे कृपया सांगावे.

उत्तर : फिजिशियन, लातूर

सुरुवात आम्हा डॉक्टरांपासून करा. नळी जितके दिवस आत राहते तितका धोका वाढतो. लघवीत जंतू येण्याचे प्रमाण दर दिवसाला साधारण 3 ते 7 टक्के धरले जाते आणि महिनाभर नळी राहिली तर जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत जंतू सापडतात. लघवी तुंबणे, अत्यवस्थ रुग्णाची लघवी तासातासाला मोजणे, काही शस्त्रक्रिया ही कारणे रास्त आहेत. पण म्हातारा माणूस अंथरूण ओले करतो एवढ्यासाठी नळी घालणे हा त्याच्यावर अन्याय आहे. सकाळच्या राऊंडला प्रत्येक नळीबद्दल ‘सर, ही आज लागते का?’ असे सिस्टरने विचारावे, आणि त्या प्रश्नाचा राग मानायचा नसतो हे आम्हाला शिकवावे. तसेच ताप किंवा इतर लक्षण नसताना, केवळ नळी आहे म्हणून लघवी कल्चरला (जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीला) पाठवू नये; त्यातून नको ती प्रतिजैविके सुरू होतात.

उत्तर : परिचर्या शिक्षिका, नांदेड

डॉक्टरांचे म्हणणे मला मान्य आहे, पण ज्यांना व्याख्यानाला कधीच बोलावले जात नाही त्यांचा विचार आधी करा. युरोबॅग रिकामी करतात मावशी आणि सोनोग्राफीला स्ट्रेचर नेतात मामा. नेताना पिशवी रुग्णाच्या पोटावर ठेवली की ती मूत्राशयाच्या वर जाते आणि नळीतली लघवी मागे फिरते. मी रंगीत पाणी भरलेली नळी आणि पिशवी घेऊन हे खाटेशेजारीच दाखवते, मग प्रत्येकाकडून करून घेते. पाणी मागे सरकताना एकदा डोळ्यांनी पाहिले की वेगळे सांगावे लागत नाही. पिशवी रिकामी करायला सगळ्या वॉर्डात एकच भांडे फिरत असेल तर ते आजच थांबवा, कारण त्या भांड्यासोबत जंतूही खाटेवरून खाटेवर जातात. नमुना घेण्यासाठी नळी आणि पिशवीचा जोड कधीही सोडू नये. नळीवर नमुन्यासाठी ठेवलेली जागा स्पिरिटने पुसून तेथून सुईने लघवी घ्यावी. उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावर दिवस काढावे लागतात तेव्हा हात धुण्यात कसूर होते, म्हणून प्रत्येक खाटेला हँडरबची (पाण्याशिवाय हातांवर चोळायच्या जंतुनाशकाची) बाटली अडकवा आणि तो 20 ते 30 सेकंद चोळायला लावा. हात दिसण्याइतके मळलेले असतील तर मात्र साबण-पाणीच हवे. रात्रपाळीचा वर्ग रात्रीच घ्या.

उत्तर : रुग्णाचा मुलगा, बीड जिल्हा

मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही. वडिलांना नळी होती तेव्हा त्यांना उठवताना पिशवी मीच खांद्याइतकी उंच धरत होतो, कारण लघवी सांडू नये एवढेच माझ्या मनात होते. पुढे त्यांना संसर्ग झाला. तो त्यामुळेच झाला की नाही हे मला ठाऊक नाही, पण हा विचार आजही सुटत नाही. रात्री रुग्णाजवळ नातेवाईकच बसलेला असतो, तेव्हा त्यालाही दोन मिनिटे बसवून समजावून सांगावे, ही विनंती.

प्रश्नकर्ती : इन्चार्ज परिचारिका, परभणी जिल्हा

सर्वांची मनापासून आभारी आहे. मामा आणि मावशींचा पहिला वर्ग सोमवारी रात्रपाळीतच ठेवला आहे, आणि दादा, त्याच आठवड्यापासून नातेवाइकांनाही सांगू. नांदेडच्या मॅडमचे उत्तर वाचून आज मी एकेक खाट तपासली, तेव्हा 6 खाटांना पिशवी अडकवायला हूकच नाही असे आढळले. फरशीवरच्या पिशव्या बहुतेक त्याच खाटांच्या होत्या. हूक उद्या बसवून घेत आहे.