नवी एसयूव्ही: अ‍ॅक्सेसरीज शोरूमच्या घ्याव्यात की बाहेरच्या?

ए ७०२: नमस्कार मंडळी. आम्ही नवीन एसयूव्ही बुक केली आहे, डिलिव्हरी पुढच्या आठवड्यात आहे. शोरूमने कोटेशनबरोबर अ‍ॅक्सेसरीजची मोठी यादी हातात दिली आहे: फ्लोअर मॅट, सीट कव्हर, मड फ्लॅप, डोअर वायझर, साइड स्टेप, रूफ कॅरियर, डॅशकॅम, अंडरबॉडी कोटिंग, सिरॅमिक कोटिंग. सेल्समन म्हणतो, बाहेरून काहीही लावलं तर वॉरंटी गेली. हे खरं आहे का? ज्यांनी अलीकडे गाडी घेतली आहे त्यांनी कृपया सांगा.

बी १०१: ताई, शोरूममधून फक्त गाडी घ्या. बाकी सगळं बाहेर कितीतरी स्वस्त मिळतं आणि निवडायला भरपूर असतं.

ए ३०४: मी सगळं शोरूममधूनच घेतलं. काही झालं तर एकाच दारात जाऊन उभं राहायचं, बाहेरचा दुकानदार कुठे शोधत बसणार?

सी ४०३: दोघांचंही मला अर्धंच पटतं. गाड्यांच्या वायरिंगच्या कामात माझी बरीच वर्षं गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शोरूममध्ये मिळते ती प्रत्येक वस्तू कंपनीची नसते. एकाच काउंटरवर दोन प्रकारचा माल असतो. एक कंपनीचा, म्हणजे तुमच्या मॉडेलसाठी तपासलेला, पार्ट नंबर असलेला. दुसरा शोरूमने स्वतः बाहेरून आणलेला. तो तुम्हीही बाहेरून आणू शकता, आणि तो बसवणारा माणूसही पुष्कळदा बाहेरचाच असतो. तेव्हा यादीतल्या प्रत्येक ओळीसमोर पार्ट नंबर लिहून मागा. जिथे नंबर मिळणार नाही, तिथे तुम्ही शोरूमचे जास्तीचे पैसे देऊन बाहेरचीच वस्तू घेत आहात.

वॉरंटीचं म्हणाल तर गाडीबरोबर येणारी पुस्तिका वाचा. साधारणपणे त्यात असं असतं की बाहेरच्या वस्तूमुळे किंवा ती बसवण्यामुळे जो बिघाड होईल, तो वॉरंटीत येत नाही. मड फ्लॅप बाहेरून लावले म्हणून गिअरबॉक्सची वॉरंटी जाण्याचं काही कारण नाही. पण कोणी मूळ वायर कापून त्यातून डॅशकॅमला करंट दिला आणि उद्या बॉडी कंट्रोल मॉड्यूल (दिवे, लॉक, काचा सांभाळणारा कंप्युटर) जळालं, तर सर्व्हिस सेंटर नाही म्हणणार, आणि त्यांचं चुकलं असं मला म्हणता येणार नाही.

ए ७०२: काका, म्हणजे वस्तूगणिक ठरवायचं?

सी ४०३: हो. ती वस्तू गाडीत कशाला हात लावते ते बघायचं. वायरिंग, एअरबॅग, पेडल, चाकं, सेन्सर यांच्या वाटेला जाणारी असेल तर कंपनीची घ्या, किंवा निदान तुमच्या मॉडेलसाठीच बनवलेली. नुसती वर ठेवायची किंवा चिकटवायची असेल तर मनाला येईल तिथून घ्या.

बी १०१: मग मॅट तरी नक्की बाहेरून. रबराच्या तुकड्यात काय मोठं असतं?

सी ४०३: मॅटच्या बाबतीत मी सगळ्यात जास्त आग्रह धरेन. ऑगस्ट २००९ मध्ये अमेरिकेत सॅन डिएगोजवळ टोयोटाच्या लेक्सस ब्रँडच्या एका ईएस ३५० गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर मॅटमध्ये अडकला. गाडी थांबवता आली नाही आणि आतले चौघेही गेले. चालवणारा माणूस हायवे पोलिसात होता, म्हणजे नवशिका ड्रायव्हर नव्हे. ती गाडी डीलरने तात्पुरती वापरायला दिली होती, आणि तिच्यातली मॅट होती त्याच कंपनीच्या दुसऱ्या मॉडेलची, एका मोठ्या एसयूव्हीची. त्यानंतर टोयोटाने अमेरिकेत मॅटच्या धोक्यापायी सुमारे ३८ लाख गाड्यांचा रिकॉल (दोष काढण्यासाठी परत बोलावणं) जाहीर केला.

बघा, मॅट कंपनीचीच होती आणि डीलरकडच्याच गाडीत होती. तरी घात झाला, कारण ती त्या गाडीची नव्हती. म्हणून ड्रायव्हरची मॅट अगदी त्याच मॉडेलची हवी, जमिनीवरच्या मूळ खुंट्यांत अडकणारी हवी, आणि जुन्या मॅटवर दुसरी मॅट कधीही टाकायची नाही. बाहेरच्या चांगल्या कंपन्या मॉडेलच्या मापाने टीपीई (रबरासारखं लवचिक प्लास्टिक) मॅट बनवतात. खुंट्यांची भोकं बरोबर जागी असतील तर त्या खुशाल घ्या. बसवल्यावर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सोडा, ब्रेकही दाबून बघा, कुठे घासतंय का.

बी १०१: हे माहीत नव्हतं. आज संध्याकाळीच माझ्या गाडीतली मॅट बघतो.

डी २०५: सीट कव्हरबद्दल मी सांगते, कारण आमच्या घरी लहान मूल आहे आणि त्यासाठी आम्ही खूप चौकशी केली. पुढच्या सीटच्या बाजूला बारीक अक्षरांत ‘एअरबॅग’ असं लेबल शिवलेलं असतं. साइड एअरबॅग तिथून, सीटची शिवण फाडून बाहेर येते. कव्हर घट्ट, जाड आणि चहूबाजूंनी शिवलेलं असेल तर तिला बाहेर यायला उशीर होतो किंवा ती भलत्या दिशेला फुगते. सगळा खेळ सेकंदाच्या काही शतांश भागात संपतो, तिथे अडथळा परवडत नाही. कव्हर घ्यायचंच असेल तर त्या जागी मोकळं सोडलेलं किंवा फाटणारी खास शिवण असलेलं घ्या, आणि दुकानदाराला ती शिवण दाखवायला सांगा. मागच्या सीटवर आयसोफिक्सचे (लहान मुलाची सीट अडकवायचे) हुक झाकले जात नाहीत ना, तेही बघा.

सी ४०३: अगदी बरोबर. व्हेंटिलेटेड सीट असेल तर कव्हर घालूच नये, हवा येणारी भोकं बंद होतात. मग त्या सीटसाठी मोजलेले पैसे वायाच.

ए ७०२: आमच्या सीटला साइड एअरबॅग आहेत. कव्हर यादीतून काढते. डॅशकॅम?

सी ४०३: कॅमेरा बाहेरचा चालेल, बाहेरच जास्त चांगले मिळतात. प्रश्न करंट कुठून घेता याचा आहे. चार्जिंग सॉकेटमधून घेतला तर काही बिघडत नाही. गाडी उभी असतानाही रेकॉर्डिंग हवं असेल तर फ्यूज बॉक्समधून फ्यूज टॅप (वायर न कापता फ्यूजच्या जागेतून करंट घेणारा जोड) लावून घ्या, आणि बॅटरीचा व्होल्टेज उतरला की आपोआप बंद होणारं हार्डवायर किट घ्या. नाहीतर दोन-तीन दिवस गाडी हलली नाही की स्टार्टरलाच ताकद उरत नाही. पुढच्या काचेच्या कडेच्या खांबात (पिलर) एअरबॅग असेल तर तिथून वायर नेताना ती एअरबॅगच्या पुढून जाता कामा नये, मागून न्यावी. बसवणाऱ्याला आधी विचारा, ‘वायर कापणार का?’ हो म्हणाला तर तिथून निघा.

लाइट आणि हॉर्नलाही हेच. हेडलाइटचा एच ४ बल्ब मूळचा ६०/५५ वॉटचा (हाय बीम ६०, लो बीम ५५) असतो, म्हणजे हाय बीमला प्रत्येक बल्ब साधारण ५ अँपिअर घेतो. त्या जागी १०० वॉटचा घातला की ८ अँपिअरच्या वर जातो. वायर, कपलर, स्विच सगळं आधीच्या हिशोबाने बनवलेलं, त्यामुळे होल्डर वितळतो. असे काळे पडलेले होल्डर मी हाताने काढले आहेत. रिलेसकट (बॅटरीतून थेट करंट देणारा स्विच) वेगळं हार्नेस (वायरांचा जुडगा) टाकलं तर वायरिंग वाचतं, पण समोरच्याच्या डोळ्यांवर जाणारा उजेड तसाच राहतो. नव्या गाडीत मूळ दिव्यांना हात लावूच नका.

बी १०१: काका, टायर रुंद घालायचा माझा विचार होता. २१५/६० आर १७ च्या जागी २३५/६० आर १७.

सी ४०३: हिशोब करून बघ. टायरची रुंदी २१५ मिमी, तिच्या ६० टक्के उंची (प्रोफाइल) म्हणजे १२९ मिमी, रिमच्या वर-खाली दोन्हीकडून २५८, त्यात १७ इंची रिमचे साधारण ४३२. एकूण ६९० मिमी. २३५ ला तेच ७१४ होतात. चाक साडेतीन टक्के मोठं झालं. स्पीडोमीटर मूळ चाकाशी बरोबर जुळलेला असेल तर तो १०० दाखवताना गाडी १०३ च्या पुढे असेल. शिवाय पूर्ण वळणावर टायर फेंडरच्या आत घासण्याची शक्यता. रुंदी वाढवलीस तर प्रोफाइल कमी करून व्यास मूळच्या जवळ ठेव, आणि लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) मूळच्यापेक्षा खाली जाऊ देऊ नकोस.

ए ७०२: रूफ कॅरियर, साइड स्टेप आणि कोटिंग राहिलं.

सी ४०३: छतावर किती वजन चालतं ते ओनर्स मॅन्युअलमध्ये असतं, आणि त्यात कॅरियरचं स्वतःचं वजनही धरायचं. साइड स्टेप मूळ बोल्टच्या जागी बसणारीच घ्या, बॉडीला भोक पाडू देऊ नका. पुढच्या बंपरला गार्ड तर नकोच: धडकेत बंपरने कसं चेपायचं ते ठरवून बनवलेलं असतं, आणि रडार (पुढचा अडथळा ओळखणारा सेन्सर) असेल तर गार्ड त्याच्या आड येतो. सिरॅमिक (रंगावरचा थर) आणि अंडरबॉडी (गाडीच्या खालच्या बाजूचा थर) ही दोन्ही कोटिंग यादीतून काढून टाका. आताच्या गाड्यांची बॉडी गंजरोधक प्रक्रिया होऊनच येते, आणि घाईत फवारलेल्या कोटिंगने पाणी जायची भोकं बुजतात. गंज मग आतून सुरू होतो.

ए ३०४: एक भर घालतो. जे काही लावाल त्याचं बिल ठेवा आणि विमा कंपनीला कळवून पॉलिसीत नोंदवा. नोंद नसेल तर क्लेमच्या वेळी त्या वस्तूंचे पैसे मिळणं कठीण. आणि अ‍ॅक्सेसरीज कर्जात घालू नका, मॅटवर वर्षानुवर्षं व्याज भरावं लागतं.

ए ७०२: सगळ्यांचे मनापासून आभार 🙏 मॅट आणि साइड स्टेप पार्ट नंबर बघून शोरूममधून, मड फ्लॅप, वायझर आणि डॅशकॅम बाहेरून, बाकी रद्द. काका, साइड स्टेप डिलिव्हरीच्या आधी बसवून घेऊ का?

सी ४०३: नको. आधी गाडी कोरी बघा, दिवसाउजेडी. रंग, पॅनेलमधल्या फटी, काचा, खालची बाजू. एकदा स्टेप आणि मॅट बसली की खालचा ओरखडा कोणाचा हे ठरवता येत नाही. बघून झालं की तुमच्यासमोर बसवायला सांगा, आणि जॉब कार्डवर पार्ट नंबर लिहून घ्या.