ऑफिसच्या टीमसाठी बसून, हाताने करायचं काहीतरी सुचवा (पुणे, १४ जण)

आलंघालूनचहा:
नमस्कार मंडळी. आमच्या टीममधले ५ जण दुसऱ्या विभागातून आलेत आणि अजून वेगळ्या टेबलावर डबा खातात. वरून फर्मान आलंय, 'टीम बिल्डिंग करा', आणि काम नेहमीप्रमाणे माझ्या गळ्यात. गेल्या वर्षी एका रिसॉर्टवर दोरीवरून चालायचं होतं. तिघं चालले, बाकीचे खाली भजी खात बघत बसले. या वेळी एकीला सातवा महिना आहे, एकाचा गुडघा गेलाय. बजेट माणशी ३०० रुपये. अंताक्षरी सुचवू नका, हात जोडते.

नटबोल्ट:
मार्शमॅलो चॅलेंज. प्रत्येक गटाला कच्च्या स्पॅगेटीच्या २० काड्या, साधारण ९० सेंमी चिकटपट्टी, तेवढाच दोरा, एक मार्शमॅलो (मऊ, फुगीर गोड गोळी). वेळ १८ मिनिटं. मार्शमॅलो टोकावर ठेवून सगळ्यांत उंच मनोरा करायचा. मूळ कल्पना पीटर स्किलमनची, टॉम वुजेकच्या २०१० च्या टेड भाषणाने ती सगळीकडे पोचली. त्याच्या म्हणण्यानुसार बालवाडीतली पोरं एमबीएवाल्यांना हरवतात. का, ते आमच्याकडे दिसलंच. पंधरा मिनिटं आराखडा आणि वाद, शेवटी वर मार्शमॅलो ठेवला आणि मनोऱ्याने मान टाकली. पोरं पहिल्यापासून तो खोचून बघतात.
काड्या जास्तीच्या आणा, निम्म्या पाकिटातच मोडलेल्या निघतात. आणि मार्शमॅलोत बहुधा जिलेटिन असतं, म्हणजे प्राण्यांपासून काढलेलं, शाकाहारी मंडळींना आधीच सांगा. आमच्या एकीने खाऊन झाल्यावर विचारलं!

चिखलकाला:
ते १८ मिनिटांत संपलं, मग पुढे? दिवाळी तोंडावर आहे, किल्ला करा. आम्ही पार्किंगच्या कोपऱ्यात राजगड केला होता. मुद्दाम राजगडच, कारण पद्मावती, सुवेळा, संजीवनी अशा तीन माच्या, म्हणजे तीन गट. तिन्ही माच्या बालेकिल्ल्याला येऊन भिडायच्या असतात, त्यामुळे शेजारच्या गटाला माप विचारल्याशिवाय गत्यंतर नसतं. आमच्या सुवेळावाल्यांनी विचारलं नाही, त्यांची माची बालेकिल्ल्याच्या वर वीतभर गेली.
खाली विटा-दगड, त्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट, वरून लाल मातीचा लेप. दोन इंजिनिअर प्रमाणावरून भांडत होते, तेवढ्यात सफाईच्या मावशींनी चिखलात बोट घालून सांगितलं, "पानी लई झालंय, माती घाला." तिथून पुढे मुकादम त्याच. मावळे कसब्यातल्या कुंभारवाड्यातून आणा. तुमच्या सातव्या महिन्यावालीला खुर्चीत बसून ते रंगवता येतील.

उंटावरूनशहाणा:
+१ किल्ल्याला. इमारतवाल्यांची परवानगी मात्र लेखी घ्या. आमचा अर्धा सिंहगड सिक्युरिटीने शनिवारी झाडून काढला.

आलंघालूनचहा:
किल्ला ठरला! जेवणाआधी हात मोकळे करायला मार्शमॅलो. गट मीच पाडणार, डब्याच्या टेबलांप्रमाणे नाही. @चिखलकाला, गवतासाठी अळीव किती लागतील? रात्रभर भिजवू का?

चिखलकाला:
पावशेर पुरे. भिजवू नका हो, बुळबुळीत गोळा होतो. ओल्या मातीवर कोरडेच भुरभुरवा आणि रोज पाणी शिंपडा, आठवड्यात डोंगर हिरवा होतो. पाणी घालायच्या पाळ्या लावा, एक जण तुमच्यातला, एक त्या पाचांतला.