मदत हवी आहे: पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून हॅम रेडिओवर एफटी८ करतोय, मध्येच सगळं अडकतंय

नमस्कार मंडळी,

हॅमवाले (हौशी रेडिओवाले) आणि लिनक्सवाले, दोघांचीही मदत लागणार आहे म्हणून इथे विचारतोय. कोल्हापुरात आमचा छोटा ग्रुप आहे, सगळे लायसन्सवाले, सुट्टी मिळाली की पन्हाळ्याच्या बाजूला एखादी उंच जागा बघून वायर अँटेना टाकतो आणि बॅटरीवर ५ वॅटचा रिग (रेडिओ संच) लावून २० आणि ४० मीटरच्या बँडवर एफटी८ करतो, म्हणजे कॉम्प्युटरने छोटे डिजिटल संदेश पाठवतो. अडचण आहे ती लॉपटॉपची. ज्याचा मोकळा असेल त्याचा येतो, कधी कुणाच्या मुलीचा कॉलेजचा, कधी कुणाच्या भावाचा, आणि त्यात काही इन्स्टॉल करायचं म्हटलं की घरचे नको म्हणतात, त्यांचंही बरोबरच आहे. म्हणून ठरवलं की एकच पेन ड्राइव्ह ठेवायचा, त्यात डब्ल्यूएसजेटी-एक्स (एफटी८चा प्रोग्रॅम), फ्लडिजी (इतर डिजिटल मोडचा), जीप्रेडिक्ट (उपग्रह कुठे आहे ते दाखवणारा) सगळं सेट केलेलं, कुठल्याही लॉपटॉपला लावा, बूट करा, रिग जोडा की चालू. आतल्या विंडोजला हात लावायचा नाही.

सध्या ३२ जीबीचा साधा पेन ड्राइव्ह आहे, उबंटू लिनक्सची आयएसओ (इन्स्टॉलची फाइल) रुफस प्रोग्रॅमने पर्सिस्टन्स (आपले बदल साठवायची जागा) देऊन टाकली आहे. सुरुवातीला झकास चाललं. आता मात्र डिकोडिंग धडाधड चालू असतं, जपान, इंडोनेशिया, युरोप सगळे दिसत असतात आणि अचानक वॉटरफॉल (सिग्नलचा सरकता आलेख) थांबतो, माऊस हलत नाही, पेन ड्राइव्हचा दिवा नुसता लुकलुकत राहतो आणि बऱ्याच वेळाने मशीन सुटतं. एफटी८चा स्लॉट १५ सेकंदांचा, त्यात १२.६४ सेकंद सिग्नल, तेवढ्यात अडकलं की समोरच्याने रिपोर्ट पाठवलेला असूनही आपलं उत्तर जात नाही. मागच्या वेळी तर ट्रान्समिट चालू असतानाच अडकलं, स्लॉट संपला तरी रिग टीएक्सवरच (ट्रान्समिटवरच), शेवटी रिगचंच बटण दाबून बंद केला. फायनल ट्रान्झिस्टर उडाले असते तर काय, ही खरी काळजी आहे.

शिवाय अपडेट मारले की पर्सिस्टन्सची जागा भरते आणि कर्नल (लिनक्सचा गाभा) जुनाच राहतो. आणि हे सगळं झाल्यावर लॉपटॉप परत दिला की विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे! भाऊ वैतागलाय.

तर पर्सिस्टन्स ठेवू की पेन ड्राइव्हवर फुल इन्स्टॉल करू? पेन ड्राइव्हच बदलायला हवा का? आणि डोंगरावर नेट नसताना वेळ कशी जुळवता? २०१९च्या पुरात आमच्याकडे लाईट आणि मोबाईल दोन्ही किती भागांत गेले ते बघितलंय, त्यामुळे ही किट भरवशाची व्हावी असं मनापासून वाटतं.

तारायंत्र
दादा, पर्सिस्टन्स सोडा. त्यात मूळ सिस्टीम बंद पाकिटात असते आणि तुमचे बदल वरच्या थरात साठतात, म्हणून जागा भरते, आणि कर्नल पाकिटातला असल्यामुळे तो बदलत नाही. फुल इन्स्टॉलच करा, पण सांभाळून, काही इन्स्टॉलर पेन ड्राइव्ह निवडला तरी बूटलोडर (सिस्टीम सुरू करणारा प्रोग्रॅम) आतल्या डिस्कच्या ईएफआय (बूटच्या फाइल्सच्या) पार्टिशनवर टाकतात, मग पेन ड्राइव्ह काढला की विंडोजच धड बूट होत नाही. मी व्हर्च्युअलबॉक्समध्ये (कॉम्प्युटरच्या आत आभासी कॉम्प्युटर चालवणारा प्रोग्रॅम) ईएफआय चालू करून, एकही व्हर्च्युअल डिस्क न देता, फक्त पेन ड्राइव्ह आत देऊन इन्स्टॉल करतो, म्हणजे बूटलोडरला दुसरीकडे जायला जागाच नाही. आणि दुसऱ्याच्या लॉपटॉपचं सिक्युअर बूट (सही नसलेली सिस्टीम बूट न होऊ देणारी सेटिंग) बंद करण्याआधी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्कच्या कुलपाची) रिकव्हरी की आहे का ते नक्की विचारा, नाहीतर विंडोज ती मागत बसेल.

अडकतंय ते लिहिण्यामुळे. साध्या पेन ड्राइव्हला मोठी फाइल एकसलग लिहिणं जमतं, बारीक बारीक तुकडे इकडे तिकडे लिहायचे म्हटले की जीव जातो. लॉपटॉपची रॅम ४ जीबी असेल आणि स्वॅप (रॅम कमी पडली की वापरली जाणारी ड्राइव्हवरची जागा) पेन ड्राइव्हवर असेल तर संपलंच. स्वॅप काढा, झेडरॅम (रॅममध्येच दाबून ठेवलेला स्वॅप) लावा, एफएसटॅबमध्ये (ड्राइव्हच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) नोएटाइम घाला म्हणजे फाइल वाचल्याची वेळ लिहिली जात नाही, जर्नल (सिस्टीमचा लॉग) रॅममध्ये ठेवा. डब्ल्यूएसजेटी-एक्सचं सेव्ह ऑल चालू आहे का ते बघा, दर १५ सेकंदांना साधारण ३६० केबीची वेव्ह फाइल म्हणजे दिवसभरात २ जीबी होतात. ऑल डॉट टीएक्सटी (डिकोडच्या नोंदींची फाइल) पण प्रत्येक डिकोडला वाढत राहते, नव्या आवृत्त्यांत ती बंद करता येते. क्यूएसओचा (झालेल्या संपर्कांचा) एडीआय लॉग मात्र ड्राइव्हवरच राहू दे, बॅटरी गेली तरी तो हातात हवा.

पैसे घालायचे असतील तर यूएसबी केसमधला छोटा एसएसडी घ्या. नाहीतर ए१ किंवा ए२ लिहिलेलं मेमरी कार्ड रीडरमध्ये, ए१ला सेकंदाला किमान ५०० रँडम राइट, ए२ला २००० असं ठरलेलं आहे, पेन ड्राइव्हवर असं काहीच लिहिलेलं नसतं. आणि डब्ल्यूएसजेटी-एक्सच्या टीएक्स वॉचडॉगच्या (ट्रान्समिट आपोआप थांबवणाऱ्या सोयीच्या) भरवशावर राहू नका, मशीनच गोठलं तर तोही गोठतो. रिगमध्ये टाइम आउट टायमर असेल तर तो लावा.

रानवारा
घड्याळाचं सांगते. लिनक्स हार्डवेअर घड्याळात यूटीसी (जागतिक वेळ) लिहितं, विंडोज तीच वेळ स्थानिक समजतं, म्हणून साडेपाच तास. टर्मिनलमध्ये टाइमडेटसीटीएलने लोकल आरटीसी (हार्डवेअर घड्याळ स्थानिक वेळेवर) चालू करा, भाऊ शांत होईल. डोंगरावर आम्ही यूएसबी जीपीएस डोंगल, जीपीएसडी आणि क्रोनी (जीपीएसवरून वेळ घेऊन घड्याळ जुळवणारे प्रोग्रॅम) वापरतो, एफटी८साठी तेवढं पुरतं. डोंगल नसेल तर निघताना घरी नेटवर वेळ जुळवा आणि तिथे डब्ल्यूएसजेटी-एक्समध्ये डीटीचा (वेळेतल्या फरकाचा) कॉलम बघा, सगळ्यांचाच डीटी +१च्या आसपास दिसला तर आपलं घड्याळ सेकंदभर पुढे आहे.

धागाकर्ता
तारायंत्र, रानवाराताई, खूप आभार! सेव्ह ऑल खरंच चालू होतं. ते बंद केलं, स्वॅप काढून झेडरॅम लावला, आणि काल घरच्या अँटेनावर संध्याकाळभर ४० मीटर चालवलं, एकदाही अडकलं नाही. घड्याळही सरळ झालं. रिगचा टायमर ३ मिनिटांवर लावलाय. फुल इन्स्टॉल एसएसडी आला की करतो.

आता एकच राहिलं. रिगचा पोर्ट लिनक्समध्ये कधी टीटीवाययूएसबी० नावाने येतो कधी १, लॉपटॉप बदलला की हमखास. तो कायमचा एका नावाने कसा बांधायचा?

तारायंत्र
डेव्ह फोल्डरमध्ये सीरियल, त्यात बाय-आयडी बघा, तिथे चिपच्या नावाने पोर्ट दिसतो, तोच पूर्ण पाथ डब्ल्यूएसजेटी-एक्समध्ये टाका. यूजर डायलआउट (पोर्ट वापरायची परवानगी असलेल्या) ग्रुपमध्ये हवा. सीएच३४० चिपची यूएसबी-सीरियल केबल असेल आणि पोर्ट दिसून गायब होत असेल तर बीआरएलटीटीवाय काढून टाका, ते ब्रेल डिस्प्ले समजून पोर्ट धरतं. ७३ (शुभेच्छा)!