सोवेटोतली विषबाधा आणि स्पाझा दुकानं: राग चुकीच्या दारात गेला का?

गौतेंगकर

ऑक्टोबर 2024 मध्ये दक्षिण आफ्रिकेत, जोहान्सबर्गमधल्या सोवेटोच्या नालेदी भागात सहा लहान मुलं विषबाधेनं दगावली. कोपऱ्यावरच्या दुकानातला खाऊ खाल्ल्याचं घरच्यांनी सांगितलं, आणि तपासात टर्ब्युफॉस निघालं. हे शेतातलं जहाल कीटकनाशक, घरात वापरायला मनाई. पण टॅक्सी रँकवर त्याच्या पुड्या उंदरांचं औषध म्हणून राजरोस विकल्या जायच्या. नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्ष रामाफोसांनी टीव्हीवर सांगितलं की देशभरात किमान 22 मुलं गेली आहेत, आणि सगळ्या स्पाझांनी 21 दिवसांत नोंदणी करावी. मुदत पुढे 28 फेब्रुवारी 2025 पर्यंत वाढली.

स्पाझा म्हणजे टाउनशिपमध्ये (वर्णभेदाच्या काळात काळ्या लोकांसाठी शहराच्या कडेला वसवलेल्या वस्तीत) घराच्या पुढच्या खोलीत किंवा गॅरेजात थाटलेलं दुकान. दोन अंडी, एक सिगरेट, पुडीतली साखर, सगळं सुटं मिळतं. आज यातली बरीचशी सोमाली, इथिओपियन, बांगलादेशी, पाकिस्तानी लोक चालवतात. त्यामुळे राग कुणावर निघाला हे सांगायला नको. दुकानं बंद पाडली, काही लुटली.

माझं मत सरळ आहे. घरात विष आलं उंदरांमुळे, आणि उंदीर माजले कचरा उचलला जात नाही म्हणून. रामाफोसांनीही त्याच भाषणात महापालिकांच्या कचऱ्याकडे बोट दाखवलं होतं, आणि असा माल स्थानिक मालकाच्या दुकानातही तितकाच मिळू शकतो असंही ते म्हणाले होते. आमच्या ऑफिसात चहा करणाऱ्या मावशी सोवेटोतच राहतात. मक्याचं पीठ त्या बंद पडलेल्या फ्रिजमध्ये ठेवतात, कारण बाहेर ठेवलं तर रात्रीत पिशवी कुरतडलेली. त्यांनी फोनवर गल्लीच्या तोंडाचा ढीग दाखवला: डायपर, कोंबडीची पिसं, फुटकी गादी. त्या ढिगासाठी कुणी मोर्चा काढत नाही. दुकानासमोर मात्र शंभर माणसं जमतात.

रोखठोक

असहमत. मीही जोहान्सबर्गजवळच्या मिडरँडला राहून आलोय, त्यामुळे ऐकीव नाही. उंदीर महापालिकेचे, मान्य. पण औषधाची पुडी आणि चिप्सचं पाकीट एकाच फळीवर ठेवणारा दुकानदारच ना? मी पाहिलेल्या एका दुकानात तिघं जण मालाच्या मागेच झोपायचे. तिथेच स्टोव्ह, तिथेच अंथरूण, तिथेच पावाचे क्रेट. परवाना कुठे आहे विचारलं की गोड हसायचे. कागद नाहीत, बिल नाही, सगळा रोखीचा मामला. हेच एखाद्या स्थानिक म्हातारीनं केलं असतं तर निरीक्षकानं तिचं दुकान दुसऱ्या दिवशी बंद केलं असतं.

दुसरं, 2025 च्या सुरुवातीला बेकारी 33 टक्क्यांच्या आसपास होती. 35 च्या आतल्या तरुणांत तर 45 च्या वर. ज्याच्या घरात दोन तरणीताठी पोरं बसून आहेत त्याला मानवी हक्कांचं प्रवचन कोण देणार, सँडटनच्या श्रीमंत वस्तीतल्या फ्लॅटमधून?

चहाबाज

@रोखठोक, तुमच्या म्हातारीचं दुकान कुणी बुडवलं तेही बघा. आधी मॉल आले. सोवेटोत मापोन्या मॉल 2007 मध्ये उघडला, आणि मोठ्या सुपरमार्केट साखळ्या टाउनशिपच्या आत शिरल्या. सोमाली दुकानदार टिकला कारण चारपाच जण मिळून घाऊक माल उचलतात, पहाटेपासून रात्रीपर्यंत उघडं ठेवतात, नफा पैशापैशानं घेतात. आणि ती म्हातारी? बऱ्याचदा तिनंच गॅरेज भाड्यानं दिलेलं असतं. दर महिन्याला ठरलेलं भाडं, शिवाय डोक्याला ताप नाही. भाडं घेणारे शेजारी मोर्चात सामील नसतात, हेही जरा मोजा.

रोखठोक

म्हणजे घरमालकही दोषी. बरं झालं बोललात. नोंदणीच्या वेळी दुकान स्थानिकाच्या नावावर आणि गल्ल्यावर भलताच, असे प्रकार उघड झालेच की. मला कुणाच्या कातडीशी देणंघेणं नाही, कायदा पाळा एवढंच म्हणतोय.

गौतेंगकर

कायदा पाळायला माझीही ना नाही. नोंदणी, तपासणी, मुदत संपलेला माल जप्त करणं, सगळं व्हावं. टर्ब्युफॉसवर बंदी घालायचा निर्णयही मंत्रिमंडळानं जून 2025 मध्ये घेतला, भलताच उशिरा. पण हे काम निरीक्षकाचं आणि पोलिसांचं. गल्लीतल्या टोळक्यानं पासपोर्ट मागायचा हा कुठला कायदा? ऑपरेशन डुडुला, म्हणजे परदेशी लोकांना हाकला म्हणणारी संघटना, 2021 मध्ये सोवेटोतच सुरू झालं, आणि दुकानांवरून पुढे सरकारी दवाखान्यांच्या फाटकांवर आलं. 2025 च्या मध्यावर ओळखपत्र नाही म्हणून गरोदर बायका परत पाठवल्या. डर्बनला ॲडिंग्टन हॉस्पिटलच्या दारात 'मार्च अँड मार्च' या तशाच दुसऱ्या गटाचे लोक तेच करत होते.

आणि हो, मी सँडटनजवळच राहतो. स्किल्स व्हिसावर आलेला परदेशीच आहे. मला मात्र कुणी अडवत नाही, कारण मी मेडिकल एडवर (आरोग्यविम्यावर) खाजगी हॉस्पिटलात जातो. अडवली जाते ती मोलकरीण, झिम्बाब्वेची.

दरबानची सून

मी डर्बनची. सासर चार पिढ्यांपासून इथलं. 'परदेशी दुकानदार' म्हटलं की आमच्याकडे जुनी माणसं 1949 काढतात, ते इथे कुणालाच आठवू नये याचं आश्चर्य वाटलं. जानेवारी 1949 मध्ये एका भारतीय दुकानदारानं एका आफ्रिकी मुलाला मारल्याचं निमित्त झालं आणि दंगल पेटली. 142 माणसं मेली: 87 आफ्रिकी, 50 भारतीय, बाकी इतर. तक्रारी अगदी याच होत्या. भाव जास्त लावतात, आमच्या वस्तीत येऊन कमावतात, आम्हाला दुकानाचा परवाना मिळत नाही. शेवटची तक्रार खोटी नव्हती हो. गोऱ्या सरकारच्या कायद्यांनी आफ्रिकी माणसाला शहरात धंदा करणं जवळजवळ अशक्य करून ठेवलं होतं. पण रागाच्या वाटेत भारतीय होता, सरकार नव्हतं. पुढच्याच वर्षी वंशानुसार वस्त्या वेगळ्या करणारा ग्रुप एरियाज ॲक्ट आला, आणि हे लोक एकत्र नांदूच शकत नाहीत याचा दाखला म्हणून दंगलीकडे बोट दाखवायची सोय झाली.

म्हणून मी दोन्ही बाजूंवर वैतागते. दुकानदार साधुसंत नव्हते, माझे आजेसासरेही नसावेत.

खडूस आजोबा

एवढं लांब कशाला जाता? मुंबईत आम्ही भूमिपुत्रांसाठी आंदोलन केलं तेव्हाही इंग्रजी पेपरांनी आम्हाला गुंडच म्हटलं होतं. स्थानिकांना आधी संधी, यात चूक काय?

चहाबाज

आजोबा, आधी संधी देण्यात काहीच चूक नाही. सरकारनं 50 कोटी रँडचा निधी काढलाच की, दक्षिण आफ्रिकी नागरिकांच्याच स्पाझांसाठी. पण 2008 ची आठवण देतो. जोहान्सबर्गच्या अलेक्झांड्रा टाउनशिपमध्ये परदेशी लोकांविरुद्ध सुरू झालेल्या हिंसाचारात 62 माणसं मेली. त्यातली 21 दक्षिण आफ्रिकीच होती, परदेशी नव्हेच! कुणाचा रंग जरा जास्त काळा, कुणी त्सोंगा किंवा व्हेंडा या देशातल्याच भाषा बोलणारा. कोपराला झुलूत काय म्हणतात ते सांगता आलं नाही की मार. भूमिपुत्र कोण हे ठरवायचं काम जमावाकडे गेलं की असंच होतं.



रोखठोक

2008 चं समर्थन कुणीच करत नाही, ते माझ्या गळ्यात मारू नका. नोव्हेंबर 2025 मध्ये जोहान्सबर्गच्या हायकोर्टानं डुडुलाला कागद मागायला आणि दवाखाने अडवायला मनाई केली, तोही निकाल मान्य. पण नंतर काय? दवाखान्यातली रांग तेवढीच लांब, औषधं तेवढीच कमी. तक्रार घेऊन जायचं कुणाकडे? नगरसेवक फोन उचलत नाही. तुमच्या मावशींना विचारा, निकालानं त्यांच्या रांगेत किती फरक पडला.

गौतेंगकर

विचारलं. काही फरक नाही म्हणाल्या. अजूनही पहाटे अंधारातच नंबर लावायला जातात. रांगेत पुढे परदेशी किती होते असंही विचारलं, तर म्हणाल्या, "नर्स किती होत्या ते विचार. एकच." 2022 च्या जनगणनेप्रमाणे 6 कोटी 20 लाखांत परदेशात जन्मलेले 24 लाख, म्हणजे चार टक्केही नाहीत.

रोखठोक

बिनकागदाचा माणूस जनगणनेत नाव कशाला सांगेल? आणि हे 24 लाख देशभर सारखे पसरलेले नाहीत, निम्म्याच्या आसपास तुमच्या गौतेंग प्रांतातच आहेत. नर्स एकच आहे हे खरं. पण तिच्यासमोरची रांग लांबली की नाही, याचं उत्तर तुम्ही अजून दिलेलं नाही.

दरबानची सून

लांबली असेल. पण उद्या सगळे परदेशी गेले तरी नर्स एकच राहणार. ती जागा भरायचं पत्र सरकारला कोण लिहिणार, मोर्चेवाले का?